हात वर करणारे कप्तान

चूक झाली की कप्तान हात वर करायचे. मैदानावर तर करायचेच, पण मैदानाबाहेरही त्यांचा उजवा हात तसाच वर जायचा, कोपरात न वाकता, सरळ. एकदा त्यांचा बैल शेजारच्या वावरात शिरला आणि तुरीच्या दोन ओळी खाऊन मोकळा झाला. शेजारी बोंबलत धुऱ्यावर आला, तर हे पलीकडे आधीच हात वर करून उभे. "माहा बैल, माही चूक. बोला, काय करू?" शेजाऱ्याने घरून शिव्यांची तयारी करून आणली होती, ती सगळी वाया गेली. घरात पाण्याचा तांब्या लवंडला तरी यांचा हात वर. वहिनी म्हणायच्या, "अवो, घरात पंच नाही बसला. फडकं घ्या आन् पुसा."

त्यांचं नाव तुळशीराम, पण ते नाव कापसाच्या जिनातल्या हजेरीपटापुरतंच. दारव्ह्यापासून चार कोसांवरच्या आमच्या गावात आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांत ते कप्तान होते, आमच्या कबड्डीच्या टीमचे कप्तान. शाळेतले मास्तर हुतूतू म्हणायचे, आम्ही कबड्डी म्हणायचो. आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी टीममध्ये आलो. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्यांनी तिशी ओलांडली होती. त्यांनी मला उजव्या कोपऱ्यावर उभं केलं आणि पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "पकड मंग शिकजो. आधी हात वर कराले शीक."

हे हात वर करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. चढाई करणारा गडी दम धरून समोरच्यांच्या हद्दीत येतो, कुणाला तरी शिवतो आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेवर परत जातो. ज्याला शिवला तो बाद. पण धुळीच्या लोटात आणि सात जणांच्या धावपळीत हात लागला की नाही, हे पंचालाही धड दिसत नसे. हात लागला होता हे नक्की ठाऊक असणारा एकच माणूस, ज्याला तो लागला तो. आणि तो कशाला सांगतोय! आमच्या भागातले निम्मे सामने पंचाच्या शिट्टीने न संपता लाठ्याकाठ्यांनी संपत, ते यामुळेच. कप्तानांचा नियम असा होता की आमच्या गड्याला हात लागला, तर पंचाने तोंड उघडायच्या आत गड्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. "पंचानं सांगतल्यावर भायेर जाणं म्हंजे पोलिसानं धरून नेणं," ते म्हणायचे. "आपुन आपल्या पायानं जायाचं."

सुरुवातीला आजूबाजूच्या टीम आम्हाला खुळ्यात काढत. आम्ही त्या हातांपायी जिंकत आलेले सामने घालवले, हेही खरं. पण दोन-तीन वर्षांत एक गोष्ट झाली. सामना आमचा असला आणि वाद निघाला, की पंच सरळ आमच्या गड्याकडे वळून विचारायचा, "लागला का रे?" आमच्या गड्याने नाही म्हटलं, की समोरची टीमही गप्प बसायची. कापसाच्या बाजारात तोलणाऱ्यावर कुणाचा विश्वास नसायचा, सरपंचावर तर नसायचाच, पण आमच्या सात जणांवर असायचा. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी छाती पुढे काढून चालायचो. पुढे आयुष्यात लोकांनी मला मान दिला, खुर्ची दिली, शाल-नारळही दिला, पण त्या पंचाने माझ्याकडे वळून विचारलं तेव्हा जे वाटलं होतं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

जिंकल्यावर कसं वागायचं, याचेही त्यांचे कायदे होते. गुलाल आपल्या शिवेच्या आत आल्याशिवाय उधळायचा नाही. हरलेल्यांच्या गावात तर बोटभरसुद्धा नाही. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा गणपत अंगाने धिप्पाड आणि डोक्याने जरा घाईचा होता. त्याने एकदा दिग्रसकडच्या एका खेड्यात सामना संपल्या संपल्या गुलालाची मूठ हवेत फेकली. आम्ही बैलगाडीत बसून दीड कोस आलो, तेव्हा कप्तानांनी गाडी थांबवली. गणपतला खाली उतरवलं, गाडीतला खराटा त्याच्या हाती दिला आणि परत पाठवलं. "झाडून येजो. आमी इथंच बसतो." उन्हात तीन कोसांची खेप करून तो परत येईपर्यंत आम्ही सगळे बाभळीखाली बसून राहिलो. कप्तानांनी स्वतः पाण्याचा थेंब घेतला नाही, म्हणून आम्हीही घेतला नाही. गणपत आला, तेव्हा त्या गावच्या लोकांनी त्याच्या फडक्यात गुळाचा खडा बांधून दिला होता. तो सात जणांत वाटून खाल्ला.

टीम फक्त आमच्या गावची नव्हती. ओढ्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. देवसिंग तिथला. हरणासारखा चपळ आणि बोलायला एकदम कमी. त्याला मागायला कप्तान स्वतः तांड्यावर गेले होते. तांड्याच्या म्हाताऱ्या नाईकाने विचारलं, "आमचा पोरगा तुमच्यात खेळंल, पन खाईल कुठी?" कप्तान म्हणाले, "मी खाईन त्या पंगतीत." गावात काही जणांनी नाकं मुरडली. पुढच्या सामन्याला यजमानाने देवसिंगचं पान बाजूला मांडलं, तेव्हा कप्तान आपलं पान उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग आम्हालाही तिकडेच बसावं लागलं आणि यजमानाला वरणाची बादली घेऊन तिकडे यावं लागलं. यावर कप्तान भाषण देतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "वरण चांगलं आहे. अजून वाढा."

आता त्यांच्या दमाविषयी. मारुतीच्या पारापासून 'कबड्डी कबड्डी' म्हणत ते निघायचे आणि एका दमात ओढ्याच्या उतारापर्यंत जायचे. सकाळी बायका पाणी भरायला जात तेव्हा तो आवाज त्यांच्या बाजूने पुढे जायचा, चढ नाही, उतार नाही, एकसारखा. चढाईला गेले की समोरच्यांना दमवायचे. घाई नाही, झेप नाही, नुसते फिरत राहायचे. समोरचे वाट बघायचे की आता दम तुटेल, मग तुटेल, आणि कंटाळून कुणीतरी अंगावर यायचा, तो बाद. आमची टीम कप्तानांच्या दमावर उभी आहे, असं लोक म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो.

पण पोटासाठी ते दारव्ह्याच्या एका जिनात कामाला होते. कार्तिकापासून होळीपर्यंत रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, उभं राहायचं, कपाशी आत लोटायची, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. दारं बंद, वारा नाही, आणि हवेत बारीक तूस इतकं की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा वाटे. संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असत. ते बिडी ओढत नव्हते, तंबाखू खात नव्हते. तरी एका हिवाळ्यात खोकला सुरू झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पारापासून ओढ्यापर्यंतचं ते सकाळचं जाणं बंद झालं. का, असं कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते.

पोळा झाला की आमचा सराव सुरू व्हायचा. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. आम्ही दोन बाजू करून खेळत होतो आणि कप्तान माझ्या कोपऱ्यावर चढाईला आले. त्यांच्या 'कबड्डी'मधून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. मी मागे सरकलो. त्यांनी हात टाकला. तो माझ्या खांद्यापासून चांगला वीतभर अलीकडे राहिला. तेवढ्यात मला त्यांचे डोळे दिसले. मी त्या माणसाबरोबर पाच वर्षं खेळलो होतो, पण त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझा हात वर गेला. मी ठरवून केला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं असेलही. पण वर गेलेला हात मी खाली घेतला नाही, हे मात्र ठरवून केलं.

कप्तान रेघेवर परत गेले, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले आणि हसले. संध्याकाळी घरी जाताना गणपतने विचारलं, "लागला नोता ना बे तुले?"

"नाही."

त्याने पायाखालचा खडा लाथेने उडवला. मग म्हणाला, "बरं केलं. लय हसले ते आज."

दुसऱ्या दिवशी गणपत न लागता बाद झाला. तिसऱ्या दिवशी आणखी एक जण. आठवडाभरात आमचं न बोलता ठरून गेलं. कप्तानांचा हात अंगाच्या आसपास आला की आपला हात वर. देवसिंग तेवढा करत नव्हता. त्याला कप्तानांचा हात लागला नाही की तो सरळ उभा राहायचा आणि कप्तान खाली मान घालून परत जायचे. मग एक दिवस ओढ्याच्या काठी आम्ही त्याला गाठलं.

"खोटा हात मी नाही करत," तो म्हणाला. "कप्ताननंच शिकोलं ना आपल्याले?"

गणपत त्याच्या अंगावर धावून गेला. "तुले कप्तान व्हायची घाई झाली काय बे? तो माणूस पाह्य, त्याची छाती पाह्य. त्याचा दम गेला हे त्याले सांगतं का तू? सांग, जाय सांग."

मी मध्ये पडून गणपतला आवरलं आणि मग माझ्या समजूतदार आवाजात देवसिंगला म्हणालो, "बाबू, हे खोटं नाही होय. कप्तानची इज्जत आहे. कप्तानची इज्जत ते आपल्या टीमची इज्जत." माझं बोलणं असंच असे, आधीपासूनच मास्तरकीचं. देवसिंगने माझ्याकडे पाहिलं. जे कप्तान त्याच्या पंगतीला जाऊन बसले होते, त्यांच्याच जागेवर तू टपून आहेस, असं आम्ही त्याला म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचाही हात वर जायला लागला.

पाच महिने आम्ही हे चालवलं. कप्तानांमध्ये खरोखरच जीव आल्यासारखा दिसत होता. ते पुन्हा थट्टा करायला लागले. जिनातून आल्यावर अंगावरचं तूसही न झटकता मैदानावर येत. आम्ही एकमेकांकडे बघून समाधानाने माना डोलवायचो. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

माघात नेरला सामने भरत. आम्ही पाच वर्षं तिथे जात होतो आणि ढाल एकदाही आणली नव्हती. त्या वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो, ते देवसिंगच्या चढायांवर; कप्तान आपला दम शेवटासाठी राखून होते. समोर उमरखेडची टीम होती. त्यांचा कोपऱ्यावरचा गडी सडपातळ, शांत, माझ्याच वयाचा. दुपारचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. शेवटची सात-आठ मिनिटं उरली होती, आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि देवसिंग चढाईला निघाला होता. कप्तानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेतलं. "थांब. मी जातो."

ते त्या सडपातळ गड्यावर गेले. त्यांच्या दमातला शिट्टीसारखा तो आवाज आता बाहेरच्या लोकांनाही ऐकू येत असेल. गडी मागे झाला, कप्तानांनी हात टाकला, आणि तो हात वीतभर अलीकडे राहिला. अगदी माझ्या खांद्यापासून राहायचा तेवढाच. कप्तान कसेबसे रेघेपर्यंत आले आणि वळून उभे राहिले, त्या गड्याने बाहेर जायची वाट बघत. गडी जागचा हलला नाही.

"बाद आहे तू," कप्तान म्हणाले.

"नाही हो, काका. हात लागला न्हाई."

पंचानेही मान हलवली. न लागल्याची खूण केली.

"लागला," कप्तान म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मले समजते ना हात लागला का नाही ते. पाच वरसं झाले मी इथं येऊन राह्यलो. आमच्या गड्यानं कधी खोटं नाही सांगतलं. तू काहून सांगतं?"

त्या पोराने वाकून चिमूटभर माती उचलली आणि हातावर घेऊन दाखवली. "या मातीची आन आहे, काका. नाही लागला."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कप्तान भांडतात, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मागेपर्यंत गेलं. पंचाशी कधी शब्द न काढलेला तो माणूस भर मैदानात एका सच्च्या गड्याला खोटा म्हणत होता, आणि तेही मनापासून. कारण पाच महिने त्यांचा हात जिथे थांबत होता, तिथे आम्ही लागल्याचं सांगत आलो होतो. त्यांना स्वतःचा हातच कळेनासा झाला होता.

मग ते आमच्याकडे वळले. "सांगा रे. तुमी तं पाह्यलं."

पंचही आमच्याकडे बघत होता. गणपत पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. देवसिंगने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. कप्तानांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली आणि माझ्यापाशी थांबली, आणि त्यांना समजलं. त्यांना राग आला असता तर आम्हाला बरं झालं असतं. राग आला नाही. माणूस आपल्याच घरात शिरावा आणि आतली माणसं ओळखीची निघू नयेत, तसे ते बघत राहिले.

त्यांनी हात वर केला. चालत त्या उमरखेडच्या पोरापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही चूक झाली, भाऊ. तू खरा आहे." मग रेघेबाहेर जाऊन बसले आणि देवसिंगला म्हणाले, "जाय तू."

देवसिंग उरलेल्या वेळात तीनदा गेला. तो असा खेळलेला मी कधी पाहिला नव्हता. दोन गुण त्याने आणले. आम्ही एका गुणाने हरलो. ती आधीची एक चढाई कप्तानांऐवजी त्याला मिळाली असती तर काय झालं असतं, ते तिथल्या लहान पोरालाही दिसत होतं.

सामना संपल्यावर मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली आम्ही सात जण जमलो. कप्तानांनी विचारलं, "कवापासून?"

"पोयापासून," गणपत म्हणाला.

"सगयेच?"

कुणी बोललं नाही. म्हणजे सगळेच.

"पयला हात कोनाचा?"

गाडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. पाच वर्षं या माणसाने आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती. सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं, तेवढंही नको होतं, नुसता हात पुरला असता. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. गणपतला ठाऊक होतं, देवसिंगला ठाऊक होतं, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. कप्तान बराच वेळ थांबले. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि एकटेच गावाच्या वाटेला लागले. गाडीत बसा म्हणून आम्ही मागून हाका मारल्या, ते वळले नाहीत. ढाल हरल्याचं दुःख त्या दिवशी कुणालाच झालं नाही. ते होण्याइतके आम्ही उरलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले नाहीत, आणि नंतर कधीच आले नाहीत. आठ दिवसांनी वहिनींनी, नेहमी त्यांच्याकडे असायच्या त्या आमच्या खेळायच्या सातही बंड्या धुऊन, घड्या घालून गणपतच्या घरी पोचवल्या. आम्ही गणपतला कप्तान केलं. पहिल्याच सामन्यात आमच्या एका गड्याला हात लागला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो उभाच राहिला. पंचाने सवयीने विचारलं, "लागला का रे?" तो म्हणाला, "नाही." समोरच्यांनी त्याचं ऐकलं. त्याच्या मानेवर बोटांचे लाल वळ उमटलेले मला मागून दिसत होते. आम्ही तो सामना जिंकलो. पुढच्या सामन्यात डोकी फुटली आणि टीम संपली. देवसिंग कामाला म्हणून बाहेर गेला तो तांड्यावर सणावारालाच येई. मी दिसलो की दुसऱ्या वाटेने जाई.

मला मास्तरकीची नोकरी लागली आणि मी दुसऱ्या तालुक्यात गेलो. सुट्टीत गावी यायचो, पण कप्तानांच्या घरावरून जायचं टाळायचो. शेवटी एका दिवाळीत गेलो. जिनातलं काम सुटलं होतं. ते बाजेवर, पाठीशी गोधडीची वळकटी लावून बसले होते. आडवं पडलं की श्वास घेता येत नसे, म्हणून रात्रंदिवस असेच बसून. हात काठीसारखे झाले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, तो मला सोसवला नाही.

"शायेत पोट्ट्यायले खेयवतं का?" त्यांनी विचारलं.

"खेळवतो."

"खेयवजो. देवसिंग भेटते काय? त्याले म्हनजो, खेय नोको सोडू."

दोन वाक्यं झाली की ते थांबायचे, श्वास गोळा करायचे आणि मग तिसरं. मी तीन वर्षं जे गिळून बसलो होतो ते शेवटी काढलं. मी म्हणालो, "कप्तान, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, पयला हात कोणाचा..."

त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. "नाव नोको सांगू. सांगतलं तं मले त्याच्यावर राग धरा लागन." मग पुष्कळ वेळ थांबून, "तेवढा जीव नाही राह्यला आता."

त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ठाऊक असावं, असं वाटतं. मी मुकाट बसलो आणि आतून थोडं हायसंही वाटलं. इतका कोडगा मी होतो.

चैत्रात ते गेले. मला निरोप उशिरा पोचला, मी तेरवीला आलो. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, बराच वेळ त्या त्याची वाट बघत असाव्यात.

"माधवभाऊ, तुमाले एक सांगतो," त्या म्हणाल्या. "नेरले तुमी हरले ना, त्या वरसी ते बसनारच होते. पोयाच्या आधीच मले म्हने, आता माहा दम पुरत नाही. देवसिंगले पुढं करतो. मी भायेर बसून पोट्ट्यायले पानी पाजीन. मले बरं वाटलं. म्हटलं, छातीले आराम पडन."

त्यांनी पुढ्यातली सुपारी माझ्याकडे सरकवली.

"मंग एक दिवस मैदानातून आले तं हासतच. म्हने, अजून नाही बसत. आज माधव बाद झाला माह्या हातानं. म्या म्हटलं, तुमाले बरं वाटावं म्हनून झाला असन. तं माह्यावरच भडकले. म्हने, माहा गडी आहे तो, कायले खोटा हात करन?" वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला. "लय खुश होते त्या दिवशी. तुमच्यापायी त्यायले पाच महिने सुखाचे भेटले, माधवभाऊ. मी नाही इसरत ते."

नेरच्या कडुनिंबाखाली काय झालं, ते त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. तीन वर्षं दिवसरात्र त्या बाजेवर बसून काढली, शेजारी ही बाई, आणि आपल्याच गड्यांनी आपल्याला फसवलं हे तिला कळू दिलं नाही. टीमचं नाव त्यांनी बायकोपाशीसुद्धा खाली जाऊ दिलं नाही. वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यालो, त्यांच्या पाया पडलो आणि दारव्ह्याची बस पकडायला निघालो. मीही त्यांना काही सांगितलं नाही.